एकाच वस्तादाच्या दोघी

हेव्याला वास असतो की नाही, ते मला ठाऊक नाही. माझ्या हेव्याला आहे. साखर कारखान्याची धुराडी पेटली, मळीचा आंबूस वास वाऱ्यावर इंदापूरपर्यंत यायला लागला, की मला यास्मिन आठवते आणि तो जुना हेवा जागा होतो. लोकांना या दिवसांत हुरडा आठवतो, कोवळं ऊन आठवतं. मला एक मुलगी आठवते. ती माझी मैत्रीण आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको.

यंदाही गाळप सुरू झालं. शाळेकडे निघाले की माझी स्कूटी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकते. पुढे ट्रॅक्टरवाल्याने कर्ण्यावर लावलेली गाणी, मागे लोंबणारे ऊस, रस्त्यावर पडलेली कांडी उचलायला थांबलेली माणसं. मी इंदापूरजवळच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. नवरा लोणी देवकरला कंपनीत शिफ्टवर जातो. शाळा भरायच्या आधी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मॅट अंथरून मी मुलींना कुस्ती शिकवते. चारचौघांत सांगण्यासारखं, बरं आयुष्य आहे. पण ट्रॉलीमागे दोन मिनिटं थांबावं लागलं की मी त्या एका हंगामात जाऊन पोचते, आणि तिथं मला काही केल्या बरं वाटत नाही.

तेव्हा आम्ही दोघी बारामतीच्या कॉलेजात शिकत होतो. मी कळंबची, उसाच्या घरातली. यास्मिन इंदापूरची. हायवेच्या कडेला तिच्या अब्बांचं टायर-पंक्चरचं दुकान होतं. अब्बा स्वतः तरुणपणी तालमीत घुमलेले, त्यामुळे पोरीच्या हातात पान्हा द्यायच्या आधी त्यांनी तिला मातीत उतरवलं होतं. मी उतरले ती काकांच्या नादानं. दोघींचे वस्ताद मात्र एकच, आबा. त्यांची तालीम बारामतीतच, कालव्याच्या कडेला होती. पत्रा गळका, भिंती ओल्या, पण आखाड्याच्या हौद्यातली लाल माती अशी मऊ की तिच्यात मूठ घातली तर ढेकूळ सापडायचं नाही. ताक, हळद, तेल, लिंबू घालून ती आम्हीच मळायचो. थंडीत पहाटे त्या मातीत पहिलं पाऊल टाकलं की टाळूपर्यंत शिरशिरी जायची. मग अंग तापायचं, डोक्यातून वाफा निघायच्या, आणि समोर यास्मिन असायची. रोज यास्मिनच असायची, कारण तिच्या तोलाची मी एकटी आणि माझ्या तोलाची ती एकटी.

सगळं दुखणं त्या तोलातच होतं. आम्हा दोघींचं वजन एक होतं. पावशेर इकडे, पावशेर तिकडे. आणि कॉलेजच्या संघात एका वजनगटात एकच मुलगी जाते. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आल्या, तेव्हा आबांनी दोघींना काट्यावर उभं केलं, कारण कॉलेजचा संघही तेच ठरवायचे. आकडा बघितला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "यास्मिन त्रेपन्न किलोत. वैशाली, तू सत्तावन्नात."

"मी का सत्तावन्नात, आबा?"

"तुजी हाडं दांडगी हायती. खाल्लं की अंगाला लागतंय तुज्या. तिचं तसं न्हाय."

"व्हय, आबा," मी म्हणाले.

झालं. निवड चाचणी नाही, कुस्ती नाही. काट्यावरून उतरता उतरता माझं ठरून गेलं. आमच्याकडे वस्तादाला उलट विचारायची पद्धत नाही. विचारलं असतं तर आबांनी मारलं नसतं. फार तर पाठ फिरवून ते चहाला गेले असते. पण मला तेवढंही धाडस झालं नाही.

त्यानंतरचे दिवस आठवले की आजही हसू येतं आणि रागही येतो. मला वजन वाढवायचं होतं, तिला टिकवायचं होतं. आई कळंबहून एसटीच्या ड्रायव्हरकडे डबा द्यायची. तुपात थबथबलेले शेंगदाण्याचे लाडू, खव्याच्या पोळ्या, उकडलेली अंडी वेगळ्या पिशवीत, कारण ती आमच्या घरात शिजायची नाहीत, शेजारून यायची. मी हॉस्टेलच्या खोलीत बसून ते सगळं चेपायची. यास्मिन वजनाच्या आदल्या दिवशी दोन स्वेटर घालून कालव्याच्या कडेनं पळून यायची, ओठ पांढरे पडलेले, तोंडाला कोरड. माझ्यासमोर भिंतीला टेकून बसायची.

"खा की. थांबलीस का?"

"तुझ्यासमोर कसं खाऊ?"

"खा गं. वास तरी घिऊ दे मला."

मी खायची. ती उपाशी, मी पोटभर, आणि जळायचे मी. लाडवाचा घास तोंडात असताना उपाशी मुलीचा हेवा करणारी बाई जगात दुसरी असेल असं मला वाटत नाही.

स्पर्धेत व्हायचं ते झालं. वरच्या गटातल्या मुली माझ्यापेक्षा अंगानं थोराड होत्या. मी दोन कुस्त्या मारायचे, तिसऱ्या कुस्तीत माझा दम जायचा. यास्मिन तिच्या गटात अशी सुटायची की बघत राहावं. ती समोरच्या मुलीच्या डोळ्यांत बघायचीच नाही. छातीकडे बघायची. डावा पाय बोटभर पुढे सरकायचा, आणि काही कळायच्या आत समोरच्या मुलीची टाच हिच्या मुठीत असायची. एकेरी पट म्हणतात त्याला. पोरं वर्षानुवर्षं घासतात तेव्हा तो बसतो. तिला तो सहज आल्यासारखा वाटायचा. तो सहज आलेला नाही, हे मला माहीत होतं, कारण तो तिनं माझ्या पायावर घासला होता. माझ्या पोटरीवर तिच्या बोटांचे वळ कायमचे असायचे.

आणखी एक गोष्ट मला एकटीला माहीत होती. पट काढायच्या आधी ती उजव्या हाताचा अंगठा मांडीला पुसायची. इतकं अलगद की पंचालाही दिसायचं नाही. मला दिसायचं. अंगठा पुसला की मी कंबर मागे घ्यायची, तिच्या खांद्यावर भार टाकायची आणि दंड धरून, ढाक हा डाव लावून तिला फिरवायची. म्हणजे सरावात मी तिला पाडत होते. तीही मला पाडत होती. पण सराव म्हणजे निम्मा जीव राखून खेळायचं. आबा म्हणायचे, "सरावाचा हिशेब मांडू नगा गं." मी मांडायची. झोप लागेपर्यंत तेच चालायचं. खरी कुस्ती झाली तर कोण पडेल? मला या एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. पदकं तिची तिनं ठेवावीत, पण उत्तर मला द्यावं, असं वाटायचं.

त्याच हंगामात तिचा कान मोडला. डाव्या कानाला मार बसून रक्त साकळलं, तो सुजला आणि मग तसाच घट्ट होऊन बसला. पैलवानाचा कान! माझी आई तिला बघून हळहळली, "आता हिचं लगीन कसं व्हायचं?" माझ्या कानांवरून हात फिरवून म्हणाली, "माज्या पोरीचं कान बघा कसं नीट हायती." मी आरशात माझे ते नीट कान बघितले. इतके नीट, की झुमके घालायच्याच लायकीचे. खोलीत कोणी नसताना मी डावा कान भिंतीवर घासून बघितला. लाल झाला, दुखला आणि सकाळी पुन्हा होता तसा झाला.

मार्गशीर्षात नीरेकाठच्या एका गावात जत्रेचं मैदान होतं. मुलींच्या कुस्त्या आता होतात, तेव्हा नुकत्याच व्हायला लागल्या होत्या. मी कळंबहून काकांबरोबर गेले, ती इंदापूरहून अब्बांबरोबर आली. आबा यायचे होते. गावचे पंच मैदानात फिरून नुसत्या नजरेनं जोडी जुळवत होते. आमच्याकडे तशीच रीत आहे. उंची बघायची, मांड्या बघायच्या, मान बघायची आणि दोन हात धरून एकत्र आणायचे. एका पंचानं माझा हात धरला. दुसऱ्या हातात त्यांनी कुणाचा हात धरून आणलाय ते मी वळून बघितलं, तर यास्मिन.

"कळंबची वैशाली! इंदापूरची यास्मिन! जोड बघा मंडळी, जोड! एका साच्यातनं काढल्यात पोरी!" निवेदक माइकवरून ओरडला.

एका वस्तादाचे पठ्ठे एकमेकांशी मैदानात लढत नाहीत. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी पाहिलेला नाही. पंचांना आमची तालीम माहीत नव्हती. त्यांनी गाव विचारलं होतं, वस्ताद विचारायचा राहून गेला होता. आम्ही सांगायला हवं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघीही गप्प बसलो. पंचांनी आमचे हात उंच धरून मैदानाला फेरी मारली. हलगी कडाडत होती, माणसं बाभळीच्या फांद्यांवर चढून बसली होती. तिचा तळवा घामानं ओला होता. माझं काळीज इतकं उड्या मारत होतं की हलगीचा आवाज बाहेरून येतोय की आतून, ते कळेना. इतकी खुश मी माझ्या लग्नातही नव्हते.

आम्ही मातीला हात लावला, कपाळाला लावला. हाताला हात भिडले. तिनं अंगठा मांडीला पुसला.

"ए! थांबा! थांबा म्हंतो ना!"

आबा. वहाणा हातात धरून, धोतर सावरत, गर्दीतून वाट काढत ते आत आले आणि आमच्या मधोमध उभे राहिले. "एका तालमीतल्या पोरी हायत्या या. न्हाय लढायच्या."

पंचांनी कानाला हात लावले. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "लागू द्या की आबा! एकदाचा निकाल तरी लागंल!"

"निकाल लागला की तालीम तुटती, बाबा," आबा म्हणाले आणि दोघींना दंडाला धरून बाजूला घेऊन गेले.

मग आम्हाला दुसऱ्या मुली दिल्या. तिनं तिची पाडली, मी माझी पाडली. आबांबरोबर बारामतीला परतताना टेम्पोत ती माझ्याशेजारी बसली होती. रस्ताभर उसाची पाचटं पेटलेली, काळी राख उडून केसांत अडकत होती. ती म्हणाली, "लागली आसती तर बरं झालं आसतं. न्हाय?" मी मान हलवली.

त्यानंतर यास्मिन निघाली ती निघालीच. विद्यापीठात पहिली आली. अखिल भारतीय स्पर्धेतून पदक घेऊन आली, तेव्हा बारामतीत उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. स्टँडसमोर भला मोठा फ्लेक्स लागला. मधे ती, गळ्यात पदक, मोडका कान स्पष्ट दिसेल असा फोटो. आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून आमची अख्खी तालीम, पोस्टाच्या तिकिटाएवढी एकेक तोंडं. डावीकडून शेवटची मी. आई बाजाराला आली होती, फ्लेक्स बघून हरखली. "तुजाबी फोटू आलाय की गं!" म्हणाली. तिनं मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून घेतला. मोठा करून बघितला तर माझं नाक तेवढं ओळखू येत होतं.

पुढं तिला पोलिसात नोकरी लागली. माझं लग्न झालं, खेळाचं प्रशिक्षण झालं, मुलगी झाली. तिच्या कुस्त्या मी मोबाइलवर बघायची. गॅसवर दूध ठेवलेलं असायचं, हातात फोन. ती जिंकली की मला आत कुठेतरी कळ यायची. मग कुणी म्हणेल, ती हरली की बरं वाटत असेल. तसं सोपं असतं तर काय हवं होतं! ती हरली की मी अजूनच पेटायची. तिला पाडणारी ही कोण टिकोजी? माझ्या हिशेबात मी तिच्या बरोबरीची होते. ती ज्या मुलीकडून हरली, ती मुलगी फुकटात माझ्याही वर जाऊन बसायची. एकदा हरियाणाच्या एका मुलीनं तिचा पट नेमका ओळखला, कंबर मागे घेतली आणि तिला फिरवून टाकली. माझं दूध उतू गेलं. हिला अंगठ्याचं कळलं की काय, असा पहिला विचार मनात आला. ते माझं होतं, माझ्या एकटीचं. तिच्या दोषावरसुद्धा मला मालकी हक्क हवा होता.

दीड-दोन वर्षांपूर्वी सरावात तिचा उजवा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली. स्पर्धा थांबल्या. आबाही त्याच सुमारास गेले. मातीला दोघी गेलो होतो, पण गर्दीत बोलणं झालं नाही.

आणि यंदा गाळप सुरू झालं तेव्हा ती लांब रजा काढून इंदापूरला अब्बांकडे आली. एका सकाळी मी शेडमध्ये मुलींना बैठका मारायला लावल्या होत्या, तर दारात ती. गुडघ्याला काळी पट्टी, केसांत एखाददुसरा पांढरा. माझ्या मुलींनी बैठका सोडल्या आणि तिच्याभोवती गोळा झाल्या. एकीनं तिच्या कानाला हात लावून बघितला. तिनं जरा 'हां, कंबर खाली' म्हटलं, की ज्यांना मी वर्षभर ओरडून सांगत होते त्यांची कंबर झटक्यात खाली जायची. मी शिट्टी तोंडात धरून बघत उभी होते. माझ्या मुली, माझी मॅट, माझं शेड, आणि तिथेही मी शुभेच्छुक.

ती रोज यायला लागली. हळूहळू पळायची, पायाला दोरी बांधून ओढायची. डॉक्टरांनी तिला खेळायला मोकळीक दिली होती, असं ती सांगायची. आम्ही चहा प्यायचो, पोरांच्या गप्पा मारायचो, बायकांनी मारायच्या त्या सगळ्या गप्पा मारायचो. त्या एका गोष्टीवर मात्र कुणी येईना.

गेल्या रविवारी मुलींना सुट्टी होती. मी मॅट पुसायला गेले होते. ती आली, चपला काढल्या, आणि मॅटच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"आबा गेलं," ती म्हणाली. "आता अडवायला कोण न्हाय."

मी हातातलं फडकं ठेवलं. ओढणी काढून खिडकीच्या गजाला बांधली. दोघींची वजनं आता कुठल्याच गटात बसणारी नव्हती, आणि बघायला चिटपाखरू नव्हतं. हातात हात दिले. तिचा तळवा तेवढाच खरखरीत होता.

सुरुवातीला आम्ही नुसत्या मानेला हात घालून एकमेकींना ढकलत होतो, जरा हसतही होतो. मग हसणं थांबलं. तिचा जोर अजून तसाच होता, खालून वर येणारा. तिनं पट काढला. मी सुटले. पुन्हा काढला, आणि या वेळी तिचं डोकं माझ्या बरगडीत रुतलं. माझा श्वास गेला. मी तिच्या पाठीवर भार टाकला, दोघी गुडघ्यांवर आलो, घसपटलो, आणि तिचा उजवा गुडघा माझ्या हातात आला. पट्टीची कड माझ्या बोटांना लागली. तो पाय ओढला असता तर कुस्ती तिथंच संपली असती.

मी सोडला. गुडघा सोडून तिचा दंड धरला, ढाक लावली आणि तिला फिरवली. तिची पाठ मॅटला लागली. दोन्ही खांदे. मी तिच्या छातीवर आडवी पडून होते आणि समोरच्या पत्र्याच्या भिंतीकडे बघत होते. मला उत्तर मिळालं होतं. इतकी वर्षं जे हवं होतं ते माझ्या अंगाखाली धापा टाकत होतं.

तिनं मला बाजूला लोटलं आणि उठून बसली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"गुडगा आल्ता तुज्या हातात."

मीही उठून बसले.

"का सोडला?"

"अगं, ऑपरेशन झालंय तुझं."

"मंग? डाक्टरनं परवानगी दिलीया मला. तुजी मागितली व्हती का मी?"

"यास्मिन, लागलं असतं..."

"माजं मी बघितलं आसतं! सगळा जलम लोकं म्हंत्यात, वैशाली आसती तर, वैशालीला वरच्या गटात टाकली म्हनून ही पुढं गेली. माज्या घरात म्हंत्यात. अब्बा म्हंत्यात! मला बी कळू दे की एकदा. आन् तू दया करती व्हय माज्यावर?"

ती ओरडत होती. पत्रा दणदणत होता. मी मॅटवर बसून तिच्याकडे बघत राहिले. तिच्याही डोक्यात तोच प्रश्न इतकी वर्षं बसलेला होता, हे मला पहिल्यांदा कळलं. पण खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला तिची कणव आली नाही, प्रेमही दाटून आलं नाही. मला तिचा हेवा वाटला, आजवरच्या सगळ्या हेव्यांपेक्षा मोठा. पदकाचा नाही, कानाचा नाही, जीपचा नाही. तिला कुणी हलकी कुस्ती दिली तर ती घेत नव्हती. तोंडावर परत फेकत होती. मला जे मिळालं ते मी आयुष्यभर मान खाली घालून घेतलं आणि मग घरी येऊन जळत बसले. हे ओरडणं मला कधी जमलं नव्हतं. ती त्रेपन्नात होती आणि मी सत्तावन्नात होते, ते कदाचित काट्यामुळे नव्हतंच.

तिनं पट्टी नीट केली. चपला घातल्या. दारापर्यंत गेली आणि वळली.

"उद्या परत. पोरी यायच्या आत. आन् गुडगा हातात आला तर धरायचा."

"धरीन," मी म्हणाले.

तिला बरं वाटावं म्हणून नाही. काही न राखता मला तिला हरवायचं होतं.